राजापूर ते रत्नागिरी–सिंधुदुर्ग : लोकसभा मतदारसंघाचा निवडणूक इतिहास कसा मांडावा

आपल्या लोकसभा मतदारसंघाचा इतिहास लिहायला बसणारा माणूस पहिल्याच तासात एक यादी करतो. वर्ष, विजयी उमेदवार, पक्ष, मताधिक्य. ही यादी लागतेच, पण तिच्यावर थांबलं तर इतिहास चुकीचा लिहिला जातो. मतदारसंघाचं नाव तेच राहतं आणि जमीन बदलते, किंवा जमीन तीच राहते आणि नाव बदलतं. पक्षाचं नाव बदलतं, पण माणसं आणि कार्यकर्ते तेच असतात. हे तिन्ही धागे वेगळे ठेवायचे असतात, आणि या लेखात ते कसे वेगळे ठेवावेत हे सांगितलं आहे. उदाहरण म्हणून कोकणातला राजापूर, म्हणजे २००९ पासूनचा रत्नागिरी–सिंधुदुर्ग, घेतला आहे. या एका मतदारसंघात जवळपास सगळ्या अडचणी भेटतात.

आधी सीमा, मग निकाल

काम सुरू करताना एक्सेलमध्ये पहिली शीट निकालांची करू नका, सीमांची करा. कोणत्या निवडणुका कोणत्या सीमांवर झाल्या हे ठरलं की पुढची निम्मी गफलत टळते. महाराष्ट्रापुरते टप्पे असे आहेत: १९५२ ची निवडणूक एका रचनेवर, १९५७ ची दुसऱ्या, १९६२ ची तिसऱ्या. १९६७ आणि १९७१ या दोन निवडणुका एकाच रचनेवर झाल्या. १९७७ ते २००४ असा सर्वांत लांब टप्पा १९७६ च्या पुनर्रचना आदेशावर, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखणाऱ्या आदेशावर, चालला. २००९ पासून आजपर्यंत २००८ चा आदेश लागू आहे. राज्यातल्या जागाही त्याप्रमाणे बदलल्या: १९६२ मध्ये ४४, १९६७ आणि १९७१ मध्ये ४५, १९७७ पासून ४८.

आता हे राजापूरला लावून पाहा. १९५२ मध्ये ‘राजापूर’ नावाचा लोकसभा मतदारसंघ नव्हताच. रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण असे दोन होते. उत्तरेतून आझाद हिंद सेनेचे जगन्नाथराव भोसले निवडून आले, दक्षिणेतून मोरेश्वर दिनकर जोशी. दोघेही काँग्रेसचे. १९५७ मध्ये रत्नागिरी आणि राजापूर ही नावं आली आणि २००४ पर्यंत टिकली. २००८ च्या पुनर्रचनेत दोन्ही नावं गेली. जुन्या रत्नागिरीपैकी चिपळूण आणि रत्नागिरी हे विधानसभा मतदारसंघ दक्षिणेकडे जोडून ‘रत्नागिरी–सिंधुदुर्ग’ झाला, तर दापोली आणि गुहागर उत्तरेकडच्या रायगडला गेले.

म्हणजे रत्नागिरी–सिंधुदुर्गचा इतिहास लिहिताना फक्त राजापूरच्या विजेत्यांची यादी मागे जोडली, तर चिपळूण आणि रत्नागिरी शहराचा २००९ पूर्वीचा सगळा इतिहास गायब होतो. तिथले मतदार त्या काळात दुसऱ्याच उमेदवारांना मतं देत होते: १९५७ मध्ये जनसंघाचे प्रेमजी आसर, १९६२ आणि १९६७ मध्ये काँग्रेसच्या शारदा मुखर्जी, १९७१ मध्ये शांताराम पेजे, १९७७ आणि १९८० मध्ये बापूसाहेब परुळेकर, १९८४ मध्ये हुसेन दलवाई, १९८९ आणि १९९१ मध्ये गोविंदराव निकम, आणि १९९६ पासून सलग चार वेळा शिवसेनेचे अनंत गीते. अशा वेळी दोन समांतर रकाने ठेवावेत, ‘जुना राजापूर’ आणि ‘जुना रत्नागिरी’. ते २००९ च्या ओळीवर एकत्र आणावेत, त्याआधी नाही.

उलटी गफलतही होते. कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं, पण लोकसभा मतदारसंघ २००४ पर्यंत ‘कुलाबा’ याच नावाने चालला. १९९६ चा निकाल ‘रायगड’ म्हणून शोधणाऱ्याला तो सापडत नाही. शेजारी गोव्यातही पणजी आणि मुरगाव ही मतदारसंघांची नावं २००९ पासून उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा झाली. सिंधुदुर्ग जिल्हा तर १ मे १९८१ चा. त्यामुळे १९८० पर्यंतच्या कुठल्याही निवडणुकीबद्दल ‘सिंधुदुर्ग जिल्ह्याने कौल दिला’ असं लिहिणं चूक आहे. ‘आजच्या सिंधुदुर्गातल्या तालुक्यांनी’ असं लिहावं.

सीमांची खात्री करायची तर पुनर्रचना आदेश मुळातून वाचावा लागतो. आदेशात प्रत्येक लोकसभा मतदारसंघाखाली त्याचे विधानसभा मतदारसंघ आणि प्रत्येक विधानसभेखाली तालुके, महसुली मंडळं, नगरपालिका दिलेल्या असतात. महाराष्ट्रात २८८ विधानसभा आणि ४८ लोकसभा, म्हणून प्रत्येक लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ. आज रत्नागिरी–सिंधुदुर्गात चिपळूण (२६५), रत्नागिरी (२६६), राजापूर (२६७), कणकवली (२६८), कुडाळ (२६९) आणि सावंतवाडी (२७०) आहेत. २००४ च्या विधानसभेत याच पट्ट्यात मालवण, देवगड, वेंगुर्ला, संगमेश्वर अशी नावं दिसतील, जी २००९ मध्ये उरली नाहीत. तालुक्यांच्या पातळीवर जुळवलं नाही तर मालवणचे जुने आकडे आणि कुडाळचे नवे आकडे शेजारी ठेवून भलतेच निष्कर्ष निघतात.

आकडे कुठून घ्यायचे

पाया एकच ठेवा: निवडणूक आयोगाचे सांख्यिकीय अहवाल. पहिल्या निवडणुकीचा अहवाल ‘१९५१’ या वर्षाच्या नावाने आहे, कारण मतदान १९५१ च्या अखेरीस सुरू होऊन १९५२ मध्ये संपलं. जुन्या अहवालांत पहिल्या खंडात देशाचे आणि राज्यांचे गोषवारे असतात आणि दुसऱ्या खंडात मतदारसंघनिहाय तपशील. आपल्याला दुसरा खंड लागतो. अलीकडच्या निवडणुकांचे तक्ते एक्सेलमध्येच मिळतात, त्यामुळे आकडे हाताने उतरवायची गरज नाही आणि उतरवूही नयेत.

जुन्या अहवालात राज्य शोधताना अडखळायला होतं. १९५२ आणि १९५७ चा कोकण ‘मुंबई’ राज्याखाली आहे. विदर्भाचे १९५२ चे मतदारसंघ मध्य प्रदेशाखाली, मराठवाड्याचे हैदराबादखाली. १९५७ मध्ये हे सगळे द्विभाषिक मुंबई राज्यात येतात आणि ‘महाराष्ट्र’ हे नाव १९६२ पासून दिसतं. नागपूर किंवा औरंगाबादवर काम करणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. नाहीतर पहिली निवडणूक ‘उपलब्ध नाही’ असं लिहून मोकळं होण्याची घाई होते.

१९५२ आणि १९५७ मध्ये काही मतदारसंघ द्विसदस्यीय होते. एका मतदाराला दोन मतं आणि दोन खासदार, त्यातली एक जागा राखीव. १९६१ च्या कायद्याने ही पद्धत संपली. राजापूरला हा प्रश्न नाही, पण १९५७ च्या मुंबई शहर मध्यसारख्या मतदारसंघात, जिथून श्रीपाद अमृत डांगे आणि गोपाळराव माने असे दोघे निवडून आले, तिथे एकूण मतं मतदारांच्या संख्येपेक्षा जास्त दिसू शकतात. ती छपाईची चूक नसते. अशा ठिकाणी उमेदवाराच्या मतांची टक्केवारी एकसदस्यीय निवडणुकीशी तोलू नये.

आयोगाच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणुका नसतात. हे सर्वांत मोठं भगदाड. राजापूरच्या यादीत त्यामुळे फरक पडत नाही: नाथ पै १८ जानेवारी १९७१ ला गेले तेव्हा लोकसभा आधीच, डिसेंबर १९७० मध्ये, विसर्जित झाली होती आणि मार्चमध्ये थेट सार्वत्रिक निवडणूक झाली. पण बारामती घ्या. १९८४ मध्ये शरद पवार निवडून आले, १९८५ च्या पोटनिवडणुकीत जनता पक्षाचे संभाजीराव काकडे. १९९१ मध्ये अजित पवार निवडून आले आणि त्याच वर्षी पोटनिवडणुकीत शरद पवार. नुसत्या सार्वत्रिक अहवालांवर बेतलेल्या यादीत काकडेंची ती खासदारकी दिसणारच नाही. म्हणून लोकसभेच्या संकेतस्थळावरची सदस्यांची यादी लोकसभेच्या क्रमांकानुसार तपासायची आणि अहवालातल्या विजेत्याशी जुळवायची. नाव जुळलं नाही की मध्ये राजीनामा, निधन, अपात्रता किंवा न्यायालयीन निकाल असतो. निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. तिचा निकाल मात्र वर्षांनी लागू शकतो, म्हणून या शक्यतेसाठी वेगळा रकाना ठेवा.

त्याखालची पातळी म्हणजे नमुना २०. याला सगळे ‘फॉर्म ट्वेंटी’ म्हणतात. यात प्रत्येक विधानसभा मतदारसंघाच्या प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मतं पडली ते असतं. अलीकडच्या निवडणुकांचे नमुने राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. बरेच स्कॅन केलेले असतात, काही आडवे, काही पुसट. यंत्राने अक्षर ओळखायला दिले तर ३ चा ८ आणि १ चा ७ होतो. त्यामुळे प्रत्येक पानाची बेरीज करून खाली छापलेल्या बेरजेशी ताळा घ्यावाच.

टपाली मतं आणि न जुळणारी बेरीज

सहा विधानसभांची बेरीज केली आणि ती अंतिम निकालाशी जुळली नाही, की नवीन माणूस घाबरतो. बहुतेक वेळा कारण टपाली मतं असतात. ती लोकसभेच्या पातळीवर वेगळी मोजली जातात, कुठल्याही विधानसभेच्या खात्यात पडत नाहीत. ‘टपाली’ अशी सातवी ओळ ठेवली की ताळा जुळतो.

ही ओळ किरकोळ समजू नका. २०२४ मध्ये मुंबई वायव्यला यंत्रांवरच्या मोजणीत अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४ असे होते, म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे. टपाली मतांत वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ पडली आणि वायकर ४८ मतांनी विजयी झाले. विधानसभानिहाय तक्त्यावरच विसंबून लिहिणारा इथे विजेताच चुकवेल.

टपाली मतं धरूनही फरक राहिला तर दोन गोष्टी पाहा. एखाद्या केंद्रावर फेरमतदान झालं होतं का? आणि तुम्ही उतरवलेला आकडा मतमोजणीच्या दिवशीचा बातमीतला आहे की अंतिम? निकालाच्या रात्री वाहिन्यांनी आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी दिलेले आकडे शेवटच्या फेरीआधीचे असू शकतात. अंतिम म्हणून नमुना २० आणि आयोगाचा अहवालच धरावा.

पक्षांची नावं

इथे थोडं थांबावं लागेल, कारण राजापूरचा खरा इतिहास याच रकान्यात लपलेला आहे.

आयोगाच्या अहवालातून विजेत्यांचे पक्ष जसेच्या तसे उतरवले तर असं दिसतं: १९५७, १९६२, १९६७ नाथ पै, प्रजा समाजवादी पक्ष. १९७१ मधू दंडवते, प्रजा समाजवादी पक्ष. १९७७ दंडवते, भारतीय लोक दल. १९८० आणि १९८४ दंडवते, जनता पक्ष. १९८९ दंडवते, जनता दल. वाचणाऱ्याला वाटेल की हा मतदारसंघ पक्ष बदलत राहिला. प्रत्यक्षात ३४ वर्षं आणि आठ निवडणुका इथे समाजवादी धाराच निवडून येत होती. बदलली ती पाटी.

१९७७ ची नोंद तर हमखास चकवते. जनता पक्ष तेव्हा नुकताच जुळून आला होता आणि बहुतेक ठिकाणी त्याने भारतीय लोक दलाचं चक्रातला नांगरधारी शेतकरी हे चिन्ह वापरलं. त्यामुळे आयोगाच्या अहवालात जनता पक्षाचा देशभरचा विजय ‘बीएलडी’ या संक्षेपाखाली आहे. तो न ओळखता कोकणात चरणसिंगांच्या पक्षाची लाट आली असं लिहिणारे लेख वाचायला मिळतात.

१९५७ ची अडचण वेगळी. संयुक्त महाराष्ट्र समिती ही त्या निवडणुकीतली पश्चिम महाराष्ट्रातली सर्वांत मोठी शक्ती, पण आयोगाच्या तक्त्यात ती पक्ष म्हणून नाही. तिचे घटक आपापल्या नावावर किंवा अपक्ष म्हणून लढले. म्हणून राजापूरला ‘प्रजा समाजवादी’ आणि शेजारच्या रत्नागिरीला ‘जनसंघ’ असं दिसतं. जनसंघाचे त्या वेळी देशात चारच खासदार आले, त्यातले प्रेमजी आसर रत्नागिरीचे. समितीचा संदर्भ दिला नाही तर १९६२ मध्ये ही जागा काँग्रेसकडे का गेली हे समजतच नाही. तोवर महाराष्ट्र राज्य झालं होतं आणि समितीला बांधणारा प्रश्न सुटला होता.

उपाय साधा आहे. पक्षासाठी एक नव्हे, तीन रकाने ठेवा: ‘आयोगाच्या नोंदीतला पक्ष’, ‘चिन्ह’ आणि ‘आघाडी किंवा धारा’. पहिला रकाना कधीही स्वतःच्या मताने दुरुस्त करायचा नाही. तिसऱ्यात तुमचा निर्णय येईल, आणि तो का घेतला ते शेजारी एका ओळीत लिहायचं.

चिन्हाचा रकाना अनेकजण गाळतात, पण जुन्या माणसांशी बोलताना तोच उपयोगी पडतो. साठ वर्षांपूर्वीचं साल कुणाला आठवत नाही, पण बैलजोडी, झोपडी, पणती, गाय-वासरू हे नक्की आठवतं. काँग्रेसची बैलजोडी १९६७ पर्यंत, गाय-वासरू १९७१ आणि १९७७ ला, हाताचा पंजा १९८० पासून. ‘गाय-वासरावर शिक्का मारला’ म्हणणाऱ्याची आठवण दोनच लोकसभा निवडणुकांपैकी एकीची असते. (विधानसभेची १९७२ ची आठवणही त्यात मिसळते, तेवढं विचारून घ्यावं.)

२०२२ नंतरच्या फुटींनी हे काम पुन्हा अवघड केलं आहे. १७ फेब्रुवारी २०२३ ला आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिलं, ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादी आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाला. विनायक राऊत २०१४ आणि २०१९ ला धनुष्यबाणावर जिंकले आणि २०२४ ला मशालीवर लढून हरले. त्यांच्या समोरचे नारायण राणे भाजपचे. म्हणजे २०२४ ला या मतदारसंघात मतदानयंत्रावर पक्षाचा धनुष्यबाण नव्हताच. अशा वेळी तक्त्यात ‘शिवसेना : २०१९ विजय, २०२४ उमेदवार नाही’ आणि ‘शिवसेना (उबाठा) : २०२४ पराभव’ अशा दोन वेगळ्या ओळी कराव्यात. आलेखात मात्र राऊतांची रेघ सलग काढावी आणि जिथे चिन्ह बदललं तिथे खूण करावी.

राणे कुटुंबाचीही अशीच वेगळी रेघ लागते. निलेश राणे २००९ ला काँग्रेसकडून जिंकले, २०१४ ला काँग्रेसकडूनच हरले, २०१९ ला महाराष्ट्र स्वाभिमान पक्षाकडून हरले, आणि २०२४ ला वडील नारायण राणे भाजपकडून जिंकले. पक्षनिहाय तक्त्यात हे तीन तुकडे होतात. उमेदवारनिहाय तक्त्यात तीच एक सलग झुंज दिसते. दोन्ही तक्ते करा.

मताधिक्य एकटं वाचू नका

२००९ पासूनचे चार निकाल पुढे ठेवू. पहिला आकडा विजेत्याचा, दुसरा क्रमांक दोनचा.

२००९ : निलेश राणे ३,५३,९१५, सुरेश प्रभू ३,०७,१६५, मताधिक्य ४६,७५०.
२०१४ : विनायक राऊत ४,९३,०८८, निलेश राणे ३,४३,०३७, मताधिक्य १,५०,०५१.
२०१९ : विनायक राऊत ४,५८,०२२, निलेश राणे २,७९,७००, मताधिक्य १,७८,३२२.
२०२४ : नारायण राणे ४,४८,५१४, विनायक राऊत ४,००,६५६, मताधिक्य ४७,८५८.

नुसतं मताधिक्य पाहिलं तर राऊत २०१९ मध्ये अधिक बळकट झाले असं वाटतं. पण त्यांची मतं ३५,०६६ ने घटली आहेत. मताधिक्य वाढलं कारण निलेश राणेंची मतं ६३,३३७ ने खाली आली. त्यांनी काँग्रेस सोडली होती आणि काँग्रेसचा स्वतंत्र उमेदवार ६३ हजारांच्या घरात मतं घेऊन गेला. दोन आकडे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात, म्हणून ‘तीच मतं इकडून तिकडे गेली’ असं लिहायचा मोह होतो. तसं लिहू नये. मतदान गुप्त असतं आणि पाच वर्षांत यादीतले मतदार बदलतात. ‘घट आणि काँग्रेसला पडलेली मतं जवळजवळ सारखी आहेत’ इथपर्यंतच आपला अधिकार. पुढचं म्हणायचं तर केंद्रनिहाय तपासून पाहावं लागतं.

२०१४ चा निकालही असाच नीट वाचायला हवा. निलेश राणेंनी २००९ च्या तुलनेत फक्त १०,८७८ मतं गमावली. पण शिवसेनेच्या उमेदवाराची मतं १,८५,९२३ ने वाढली. म्हणजे काँग्रेसचा मतदार ढासळला नव्हता, समोर नवा मतदार उभा राहिला होता. ‘राणेंचा गड कोसळला’ हे मथळ्याला शोभतं, आकड्यांना नाही.

लढतीची घट्टता मोजायला पहिल्या दोघांच्या एकत्रित मतांत विजेत्याचा वाटा काढणं सोपं पडतं. २००९ ला तो ५३.५४ टक्के, २०१४ ला ५८.९७, २०१९ ला ६२.०९, २०२४ ला ५२.८२. आता शिवसेनेकडून, आणि २०२४ ला उद्धव ठाकरे गटाकडून, पाहिलं तर २००९ मध्ये ४६.४६ आणि २०२४ मध्ये ४७.१८. दोन्ही पराभव जवळपास सारख्याच रेषेवर आहेत, हे मताधिक्याच्या बातम्यांतून लक्षात येत नाही.

टक्केवारी काढताना भाजक एकच ठेवा. २०१४ पासून लोकसभेला ‘वरीलपैकी कोणीही नाही’ (नोटा) हा पर्याय आहे. तो वैध मतांत धरला जात नाही आणि अनामत रक्कम वाचवायला लागणारा एक षष्ठांश हिस्साही वैध मतांवरच काढतात. पण निकालाच्या दिवशी संकेतस्थळावर दिसणारी टक्केवारी नोटा धरून असते. एका वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी दुसरी घेतली तर अर्ध्या-एक टक्क्याचा खोटा ‘कल’ तयार होतो. जुन्या निवडणुकांत ‘अवैध मते’ असा मोठा रकाना असायचा. २००४ पासून सगळीकडे यंत्रं आल्यावर तो टपाली मतांपुरता उरला.

मतदारसंख्येतल्या उड्यांना ठराविक कारणं असतात. १९८९ ला मतदानाचं वय २१ वरून १८ झालं, त्यामुळे १९८४ ते १९८९ मधली वाढ नुसत्या लोकसंख्येची नाही. २००९ ला सीमा बदलल्या. उमेदवारांची संख्या १९९८ ला एकदम घटते, कारण अनामत ५०० रुपयांवरून १०,००० झाली होती. कोकणात आणखी एक गोष्ट पाहावी: मतदारयादीत स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त आहेत, कारण पुरुष मुंबईला. त्यामुळे एकूण मतदानाच्या टक्क्याशेजारी स्त्री आणि पुरुष असे दोन वेगळे टक्के ठेवा, आणि मतदानाची तारीखही लिहा. २०२४ ला ७ मे रोजी मतदान झालं, चाकरमानी गावी येण्याचे दिवस. सप्टेंबरमधल्या १९९९ च्या मतदानाशी त्या टक्क्याची थेट तुलना करताना हे लक्षात ठेवावं. १९९९ ला राज्यात विधानसभाही सोबतच होती.

विधानसभानिहाय नकाशा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. २०२४ चा निकाल सहा तुकड्यांत पाहिला की कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या सिंधुदुर्गातल्या तिन्ही ठिकाणी राणे पुढे, आणि राजापूर, रत्नागिरी, चिपळूण या रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिन्ही ठिकाणी राऊत पुढे. एकूण निकाल ‘भाजप विजयी’ एवढाच सांगतो. प्रत्यक्षात मतदारसंघ जिल्ह्याच्या हद्दीवर दुभंगला होता. आणि ज्या राजापूरचं नाव जुन्या मतदारसंघाला होतं, ते या वेळी चिपळूण–रत्नागिरीच्या बाजूने गेलं, जुन्या सोबत्यांच्या नाही. असं काही दिसलं की तीच तुमच्या इतिहासाची मुख्य गोष्ट. तिच्याभोवती बाकीचं रचा.

केंद्रनिहाय जायचं असेल तर केंद्राच्या क्रमांकावर विसंबू नका. प्रत्येक निवडणुकीआधी केंद्रांचं सुसूत्रीकरण होतं, नवीन केंद्रं निघतात, क्रमांक सरकतात. गावाचं नाव आणि शाळेचं नाव जुळवा. वाड्यावस्त्यांच्या कोकणात एका गावाची तीन-चार केंद्रं असतात, त्यांची आधी गावनिहाय बेरीज करा आणि मग तुलना करा.

सारख्या नावाचे उमेदवार इथेच पकडायचे. २०१४ ला रायगडमध्ये अनंत गीते ३,९६,१७८ मतं घेऊन जिंकले, सुनील तटकरे ३,९४,०६८ वर राहिले. फरक २,११०. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं पडली. नाव पाहून आकडे जोडणाऱ्या सूत्राने दोघांची मतं एकत्र केली तर तक्त्यात पराभूत उमेदवार विजयी होतो. म्हणून प्रत्येक उमेदवाराला स्वतःचा सांकेतिक क्रमांक द्या आणि नावाबरोबर वडिलांचं नाव आणि पक्ष जुळवा. उलट, एकच माणूस वेगवेगळ्या वर्षी वेगळ्या वर्णलेखनाने येतो: आडनाव आधी, नाव आधी, ‘ऊर्फ’ कधी आहे कधी नाही. २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचं छायाचित्र आलं, त्यामागे ही नामसाधर्म्याची अडचणच होती.

कारणं लिहिताना

आकडे ‘काय’ सांगतात. ‘का’ साठी वर्तमानपत्रं लागतात, आणि मुंबई-पुण्याच्या मोठ्या दैनिकांपेक्षा स्थानिक. या पट्ट्यासाठी सावंतवाडीचं ‘वैनतेय’, चिपळूणचं ‘सागर’, ‘रत्नागिरी टाइम्स’, बेळगावचा ‘तरुण भारत’. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय किंवा सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर अशा जुन्या ग्रंथालयांत आधी चौकशी करून जा. निकालाच्या दिवसापेक्षा अर्ज मागे घेण्याच्या दुसऱ्या दिवसाचा अंक जास्त बोलका असतो. कोण बंडखोर उभा राहिला, कोणाला माघार घ्यायला लावली, कोणत्या पक्षाने जागा कोणाला सोडली, हे त्या दिवशी येतं.

राज्याच्या लाटेशी तुलना केल्याशिवाय स्थानिक कारण लिहू नका. १९८४ मध्ये महाराष्ट्रात काँग्रेसने ४८ पैकी ४३ जागा जिंकल्या. उरलेल्या पाचांत दंडवते यांचा राजापूर आणि शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांचा कुलाबा होता. किनाऱ्यावरच्या दोन जागा लाटेविरुद्ध टिकल्या, तर तिथे स्थानिक कारण शोधायला जागा आहे. १९७७ ला मात्र शेजारचा रत्नागिरीही जनता पक्षाकडे गेला होता, तेव्हा दंडवते यांच्या विजयाचं सगळं श्रेय मतदारसंघाच्या स्वभावाला देता येत नाही. १९९१ ला दंडवते हरले आणि काँग्रेसचे सुधीर सावंत आले, १९९६ पासून सुरेश प्रभूंच्या रूपाने शिवसेना चार वेळा जिंकली. समाजवादी मतदार कुठे गेला, हा या मतदारसंघातला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर लोकसभेच्या तक्त्यात नाही, १९८५, १९९० आणि १९९५ च्या विधानसभा निकालांत तालुका तालुका शोधावं लागतं.

राखीव जागा असतील तर आरक्षण लागू झालं आणि उठलं ती निवडणूक ठळक करा. २००९ ला सोलापूर आणि शिर्डी अनुसूचित जातींसाठी राखीव झाले आणि राखीव असलेला पंढरपूर मतदारसंघच संपला. अशा वेळी उमेदवारच बदलतात, मग पक्षांच्या मतांतला फरक मतदारांच्या मनातला फरक म्हणून वाचता येत नाही.

जपून कसं ठेवायचं

फाइलमध्ये किमान चार शीट ठेवा: सीमा, लोकसभानिहाय निकाल, विधानसभानिहाय निकाल आणि उमेदवार. प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या अहवालातून, कोणत्या पानावरून घेतला ते लिहा. दोन ठिकाणी दोन आकडे असतील तर दोन्ही ठेवा आणि कोणता का धरला ते नोंदवा. मोजलेले टक्के वेगळ्या रंगात ठेवा, म्हणजे मूळ आणि काढलेला आकडा मिसळणार नाही. फाइलच्या नावात तारीख घाला आणि जुनी प्रत पुसू नका.

विधानसभानिहाय शीटमध्ये तालुका आणि गावाचा रकाना आजच भरून ठेवा. पुढची पुनर्रचना २०२६ नंतरच्या जनगणनेवर होणार आहे. तेव्हा रत्नागिरी–सिंधुदुर्ग हे नाव राहो किंवा न राहो, गावनिहाय आकडे हाताशी असले तर नव्या सीमांवर जुने निकाल पुन्हा मांडता येतील.